आधीचं दळण

गिरणीत येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो :
माझ्या आधी काय दळलं?
कारण आधीच्याचं थोडं पीठ दगडात राहतं
आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं.

मी मैनोद्दीन. औशाच्या रस्त्याला, तावरजेच्या अलीकडं.
एकतीस वर्षं झाली पट्टा चढवून.
रान बघायला मला बांधावर जावं लागत नाही,
डब्यांची झाकणं उघडली की कळतं
कुणी काय पेरलंय, कुणी काय मोडलंय.

माघ सरता सरता मालदांडी यायची,
पोत्याच्या शिवणीत कडब्याचं एखादं पान अडकलेलं.
काळ्या रानातल्या ओलीवरच निघायची ती,
वरून थेंब नाही, तरी दाणा मोत्यासारखा.
बाहेर बैल उभे. त्यांचंही त्यात होतंच.

आता सोयाबीन ट्रकातून परस्पर जातं,
गावात ते कुणी खात नाही.
आणि ऊस तर दळायचाच नसतो.
लाईट आली की ओढ्याकडच्या चौदा मोटारी
एका दमात सुरू होतात,
माझा दगड धापा टाकतो.
पाणी आणखी खाली गेलं,
हे मला आधी कानाला कळतं.

परवा विश्वंभर आला. नऊ एकर ऊस,
हातात दोन किलोची पिशवी.
लातूरच्या दुकानातली ज्वारी, वर छापलेलं शेताचं चित्र.
'डॉक्टर म्हणले भाकरी खा. साखर तीनशेवर गेलीय.'
मी म्हणलं, रानातली का रक्तातली?
तो हसला. मग पिशवीवरचं चित्र
बराच वेळ बघत राहिला.

ज्वारीचा दगड कोपऱ्यात पडून गुळगुळीत झालेला.
टाकी लावणारा पाथरवट कधीच पुण्याला गेला,
मीच चष्मा चढवून छिन्नी धरली.
एक बोट ठेचलं.

'आधी काय दळलं होतं?' त्यानं सवयीनं विचारलं.
काही नाही. दगड नुकताच टाकलाय,
पहिलं पीठ कचकच लागंल,
तेवढं गुरापुढं टाक.

'गुरं?' तो म्हणला.

ओंजळभर पीठ माझ्या हातात तसंच.
मोटारी सुरू झाल्या.
दगड मंदावला.