खोली नंबर सातच्या पाहुण्यास

आमच्या गावाला समुद्र नाही, साहेब.
दर शनिवारी कुणीतरी काउंटरवर विचारतंच,
बीच किती लांब, चालत जायला होतंय काय.
गोव्याच्या वाटेवर बेळगाव लागतं, म्हणून हा घोळ.
तुमच्या बिलाच्या मागं लिहून ठेवतोय,
तुम्ही उठाल तेव्हा माझी पाळी संपलेली असेल.

आधी खायचं.
रेल्वे फाटकाच्या उजवीकडं तिसरं दार, मोनाप्पाचं.
पाटी वाचत बसू नका. ती आता कन्नडात आहे,
अन् मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.
दुपारी तीनचं ऊन पडलं की नव्या रंगाखालून
जुनं मराठी नाव वर येतं, अर्धंच :
…दय खानावळ.
उदय होतं की अभ्युदय, मोनाप्पालाही ठाऊक नाही.
भाकरी जोंधळ्याची. शेंगाचटणी मागून घ्या,
मागितल्याशिवाय तो देत नाही.

मांडे खायच्या आधी करताना बघा.
अनगोळात होनगेकर काकूंच्या परसात
उपड्या खापरावर पडण्याआधी
पोळी त्यांच्या कोपरापर्यंत पसरते
अन् तिच्यातून पलीकडचा पेरू दिसतो.
कुंदा पाव किलोच घ्या.
सगळे अर्धा घेतात, अन् पोरं घाटात ओकतात.

किल्ल्यातल्या कमळबस्तीत मान वर करा.
दगडाचं कमळ छताला उलटं लटकतंय,
त्याच्या खाली उभं राहून लोक फोनमध्ये बघत असतात.

येळ्ळूरगडावर दिवस मावळताना जा.
थोरला काका शपथेवर सांगायचा,
आभाळ स्वच्छ असलं की तिथनं समुद्र दिसतोय.
दिसत नाही.
मी मोजून एकोणतीस वेळा चढलोय.
दिसतात ते डोंगर, एकामागं एक,
निळे, मग राखाडी, मग नुसताच अंदाज.

खरा बघायचा असेल तर पाचला उठा.
मासळी बाजारात कारवारचा ट्रक लागतो,
फळकुटातनं बर्फ गळतो
अन् आमच्या गटारीला तासभर खारा वास येतो.
मांजरांना तो आमच्या आधी कळतो.
शट्टूबाईकडं बांगडा घ्या. भाव कोकणीत,
हिशेब कन्नडात, उधारी मागायची ती मराठीत.
तुम्ही परगावचे, तुम्हाला देणार नाही.

अन् कारवारलाच जायचं म्हणत असाल, तर एका दिवसात होतंय.
खानापूर, लोंढा, रामनगर, मग अणशीचा घाट.
चारला निघा.
घाटात फोन लागत नाही, घरी आधी सांगून ठेवा.
मी एकदाच गेलोय, आईला घेऊन.
ती तेव्हा साठीची. समुद्र पहिल्यांदाच.
पाण्यात पाय घातला नाही तिनं,
चपला हातात धरून बराच वेळ उभी.
मग म्हणाली,
एवढं मोठं, अन् पाटी कुठंच नाही गा.

येताना तिनं एक बाटली भरून घेतली.
कशाला, विचारलं नाही. आता विचारता येत नाही.
किल्ल्यांच्या फळ्याखाली ठेवलीये,
बूच ढिलं आहे, पाणी दरसाल बोटभर खाली जातं
अन् काचेला मिठाची एक रेघ सोडून जातं.
काल रात्री तुम्ही तहानेनं तीच उचललीत.
हातातनं ओढून घेतली, राग मानू नका.
प्यायचं पाणी जिन्याखाली, तांब्याच्या पिंपात आहे.

किल्ली जाताना खिळ्याला अडकवा.
रिक्षाला चाळीसच्या वर देऊ नका.
गडावर जाऊन आलात
अन् काही दिसलंच,
तर खाली एक ओळ लिहून जा.

— भावकाण्णा मुतगेकर, रात्रपाळी