शेरा

आळत्याच्या माळावर गिरमिट टेकवलं.
दोन वळसे, आणि खर्रकन मुरूम.
लिहिलं: खोली नऊ सेंटिमीटर. वर्ग, अत्यंत उथळ.
बाटलीतल्या पाण्यानं खडा ओला करून
रंगांच्या पुस्तकातला तांबूस करडा जुळवला,
आम्लाचे थेंब सोडले.
फसफसलं नाही.

हौसाबाई हिरवे लुगड्यातली कुसळं उपटत होती.
म्हणाली, "आमी मेखंवर वळकतो.
चार बोटं गेली तर एक रात.
वीतभर गेली, तर तीन दिस मेंढरं बसत्यात."

"आणि इथं?"

तिनं दगडांच्या बारक्या ढिगाकडं नुसती मान केली.
"परवा कोकरू गेलं.
पुरायला पुरली न्हाई माती."

हे कुठल्याच रकान्यात बसेना.
गवत वाजत होतं, वाळकं.
शेऱ्याच्या जागी मी दगड मोजून लिहिले:
एकोणीस.