रकाना अकरावा

चौदा मे. रिवणच्या वरचा सडा.
जांभा इतका तापलाय की चपलेचा तळ चिकटतो.
खांद्याला बर्फाची पेटी, तीत सहा बाटल्या,
आणि पणजीहून आलेला छापील तक्ता.
रकाना अकरावा : प्रवाहाचा वेग.

मी व्हाळात उभी आहे.
म्हणजे, व्हाळाच्या जागेवर.
दगड अजून पाण्याच्याच वळणाचे,
किंदळाच्या बुंध्याला माझ्या कमरेच्या उंचीवर
जुलैने अडकवून ठेवलेलं गवत,
एक निळी पिशवी, कुणाच्या तरी सपातेचा पट्टा.

शून्य लिहिता येत नाही.
शून्य मोजायलाही पाणी लागतं.
‘कोरडा’ लिहिलं तर नाव यादीतून जातं
आणि यादीत नसलेल्या व्हाळाला मानक लागत नाही.
मग रात्री दोनला टँकर येतो,
किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या टाक्या उपसून,
आणि नळी सोडतो
जिथे कागदावर काहीच नाही, तिथे.
मागच्या वर्षी आला होता.
तक्त्यात वासाला रकाना आहे,
रात्रीला नाही.

वरच्या वळणावर एक कोंड उरलाय,
दोन बाजांएवढा, पानांनी काळा झालेला.
यंत्राची दांडी बुडवली.
विरघळलेला प्राणवायू दीड.
हवा किमान चार.
नापास, मी मोठ्याने म्हणाले, कुणी नसताना.
तेवढ्यात एक मरळ वर आली,
हवेचा घोट घेऊन खाली गेली.
चारचा आकडा तिला कुणी कळवलाच नव्हता.

मग सुकांती वेळीप आली, कळशी आणि नात घेऊन.
कोंडाकडे बघितलंही नाही.
पात्रातल्या वाळूत कोपरभर खळगा केला
आणि पाझराची वाट बघत बसली,
मीही बसले, पेटीतला बर्फ पाणी होत असताना.
पहिली करवंटी तिने जमिनीला दिली.
दुसरी रेडकाला.
तिसरीच्या तळाशी रुपया टाकून ती उन्हात धरली :
रुपयावरचं साल दिसलं तर घरी न्यायचं.
“तुला वाचता येतं?”
“म्हाका ना. हिका येता.”
नात वाकली. “दोन हजार अकरा.”
कळशी भरायला लागली.

मी सांगितलं नाही
की रुपयाला जंतू दिसत नाहीत.
नंतर सांगितलं. उकळून घे म्हटलं.
ती हसली. उकळतेच, म्हणाली,
मी काय टँकरवाली?

व्हाळ सुकला ना गं, मी विचारलं.
“सुकूंक ना. न्हिदला.
न्हिदिल्ल्याच्या तोंडांत कोण घाण घालता?”

जूनमध्ये समिती बसेल.
बारा खुर्च्या, बारा सीलबंद बाटल्या.
बारमाही नदीचा आकडा याला लावू, एक जण म्हणेल.
दुसरा म्हणेल, काहीच नको लावू.
मला बोलावं लागेल :
पुराचा आकडा वेगळा,
कोंडाचा वेगळा, मरळीला विचारून,
आणि एक नियम पाणी नसतानाचा,
म्हणजे सगळ्यात कडक.
नीट जमणार नाही मला. घसा सुकतो माझा बैठकीत.

आज एवढंच केलं.
वाळूतल्या पाझराची एक बाटली भरली,
अकराव्या रकान्यात पेन्सिलने लिहिलं : झोपलेला.

ऑफिसात टंकलेखक शाबलो
चष्मा कपाळावर सरकवून विचारतो,
मॅडम, याचं एकक काय?