किती गाठी

सोमवारी, उजाडायच्या आत, फोन थरथरतो.
"बुधवार-गुरुवारकडे हिरवं पाणी.
न्यांदो नदीच्या मुखापासून पश्चिमेला.
शक्यता सत्तर टक्के."
एवढंच. खाली ना नाव, ना सही.

किसुमूतल्या कुठल्याशा खोलीत एक यंत्र
डोंगरावरचा पाऊस, उसाच्या मळ्यांतून वाहून आलेलं खत,
वाऱ्याची दिशा
आणि माझे मागच्या आठवड्याचे आकडे
एकत्र ढवळतं,
आणि त्यातून एक गुरुवार काढतं.

म्हातारा ओगाला जाळं निस्तरता निस्तरता हसतो.
"सत्तर? मग उरलेले तीस कुणाचे?"

माझे, बाबा.
म्हणून तर होडी ढकलते.

तबकडी जेवणाच्या ताटाएवढी,
चार फाका, दोन काळ्या, दोन पांढऱ्या.
दोरीला दर वितीवर लाल गाठ.
सोडत जायची, सोडत जायची.
पांढरं आधी पिवळं होतं,
पिवळं शेवाळी,
मग आहे की नाही तेच कळेनासं होतं.
तिथे थांबायचं.
श्वास रोखून गाठी मोजायच्या.
दिसेनासं व्हायला किती खोल जावं लागतं,
आमच्या आखाताची तब्येत एवढ्यात मावते.

आज पाच.
मागच्या सोमवारी आठ होत्या.

एक सांगायचं राहिलंय.
दोन वर्षांपूर्वी, एप्रिलात,
धाकट्या अचोलाच्या लग्नाच्या दिवशी
मी होडी ढकललीच नाही.
चुलीपाशी कांदा चिरता चिरता
सात गाठी लिहून पाठवल्या.
आदल्याच खेपेच्या.
वर आठ दिवस ढग,
उपग्रहाचा डोळा झाकलेला.
यंत्राने माझ्यावर विश्वास ठेवला.
दुसरं करणार काय ते?
अकरा धक्क्यांवर निरोप गेला, पाणी ठीक आहे.

शनिवारी अदुओलच्या दोन कालवडी
लव्हाळ्यात आडव्या,
नाकपुड्यांपर्यंत हिरव्या,
जणू कुणी रंगवायला घेऊन अर्धवट सोडल्या.
तिने मलाच विचारलं,
"तुझ्या फोनवर काय होतं गं?"
"ठीक होतं," मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
फोनवर ठीकच होतं.

आज पाच गाठी पाठवल्या.
तासाभरात सत्तरचे नव्वद झाले
आणि गुरुवारचा झाला बुधवार.
शाळेचा पंप बंद केला.
ओमेना वाळवणाऱ्या बायका
घागरी घेऊन वरच्या बोअरवेलकडे निघाल्या,
वाटेत मला दोन शिव्या देऊन.
चढ खडा आहे. माझ्या घागरीलाही तोच चढ.

बुधवारी दुपारी ते आलं.
काठाला लागलं, जाड,
कुजक्या कोबीचा वास घेऊन.
धक्क्यावर कुणी नव्हतं.
एक बगळा आला, चोच न बुडवता उडाला.
त्याला कुणी कळवलं, देव जाणे.

ओगाला काही बोलला नाही.
माझ्या दोरीची एक सैल गाठ
दातांनी ओढून घट्ट केली त्याने,
आणि परत दिली.

अदुओलने नवी कालवड घेतलीय.
रोज पहाटे, मी होडी वर ओढत असताना,
ती काठावर येऊन उभी राहते.
"किती गाठी?"
मी सांगते.
ती ऐकते, तबकडीकडे बघत नाही,
माझ्या तोंडाकडे बघते.
मग कालवडीला पाण्यावर नेते,
किंवा नेत नाही.

ती कुठलं पाणी जोखते,
मी अजून विचारलेलं नाही.