एक दात कमी

फ्लोराबाई तळकरांची पिशवी
उघडण्याआधीच वासानं उघडली:
जुनं ग्रीस, मीठ, कपाटातली डांबरगोळी.
आत गळाचं रीळ. फ्रेंच बनावटीचं,
हिरवा रंग कोपऱ्यांवरून उडालेला,
बेलची तार एका अंगाला वाकलेली,
मूठ फिरवावी तर अर्ध्यात अडून बसणारी.
"शिलाई मशिनी दुरुस्त करता ना? हेही मशीनच."
माझगावात असंच चालतं.
पंखेवाल्याकडे लोक दातांची कवळी आणतात.

मोझेस तळकर, पोर्ट ट्रस्टच्या क्रेनवर एकतीस वर्षं.
शनिवारी आभाळात तीन तारे मोजून होईतो
गळाला हात लावायचे नाहीत.
मग भाऊच्या धक्क्यावर, टोकाला, थेट उजाडेपर्यंत.
शिंगाळा लागला की पुटपुटत सोडून द्यायचे,
त्याला खवले नाहीत, घरात चालत नाही.
"शिंगाळेच लागायचे," बाई म्हणाल्या.
"आम्ही रविवारी अंडी खायचो."

दोन दिवस रॉकेलमध्ये.
तिसऱ्या दिवशी पहिला स्क्रू हलला.
पेचकसाचं टोक मी आधी दगडावर घासून
त्याच्या खाचेइतकं केलं होतं,
कारण घाईचा पेचकस खाच खातो,
आणि खाच गेली की मग ड्रिल, मग शिव्या.
सुटेल तो भाग इडलीच्या ताटलीत,
ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं:
खटका, खटक्याची केसाएवढी स्प्रिंग,
ड्रॅगचे वॉशर, दबून दबून पापड झालेले,
मग मोठं चाक, त्याच्या दातांत काळं ग्रीस,
आणि त्या ग्रीसमध्ये एक खवला.
नखाएवढा. आरपार दिसणारा.
पुडीत बांधून ठेवला. गिऱ्हाइकाची वस्तू.

चाकाचा एक दात मुळापासून गेलेला.

चोरबाजारात तीन शुक्रवार फुकट.
चौथ्या शुक्रवारी त्याच जातीचं एक मेलेलं रीळ मिळालं,
बाहेरून पार गंजलेलं,
आतलं चाक मात्र कुणी वापरलंच नसावं.
ते बसवलं. वॉशर कापले
एका मोडक्या पेटीच्या सुरांखालच्या फेल्टमधून.
मूठ बोटाच्या टोकानं ढकलली
तर अकरा फेरे आपले आपण,
आणि आवाज नाही. काहीच नाही.
खरं सांगतो, त्या रात्री बायकोला दाखवायला घरी नेलं.
ती म्हणाली, छान आहे, जेवायला बस.

बाईंनी कानाशी धरलं. फिरवलं.
पुन्हा फिरवलं.
"हे कुणाचं?"

मी म्हटलं, तुमचंच.
त्यांनी मान हलवली, आणि काउंटरवर नखानं
कर्र, कर्र, टक.
कर्र, कर्र, टक.
डॅडी खिडकीत बसून फिरवायचे, तेल मुरवायला.
आम्ही टक मोजत झोपायचो, मी आणि एफ्राइम.
दात एफ्राइमनं पाडला, जिन्यावरून. तो आता अश्दोदला.
डॅडी सगळ्यांना सांगायचे,
केवढा रावस होता, चाकाचा दात घेऊन गेला.
"आम्ही कधी सांगितलं नाही."

जुना भाग वर्षभर फेकायचा नाही,
हा माझ्या उस्तादाचा नियम.
तंबाखूच्या डबीतून ते बोळकं चाक काढलं,
पुन्हा सगळं खोललं. चाळीस मिनिटं.
बाई स्टुलावर बसून होत्या,
बाहेर टेम्पोवाला बर्फाच्या लाद्या उतरवत होता.
"टिकेल ना?"
"मोठा मासा लागला तर नाही."
"नाही लागणार," त्या म्हणाल्या.

पावतीवर काय लिहावं सुचेना.
लिहिलं: साफसफाई, तेल. एक दात कमी, तसाच ठेवला.
मग आठवलं, पुडी दिली.
त्यांनी ती दारात उजेडाला धरून उघडली.
बराच वेळ पाहिलं.
"म्हणजे हा शिंगाळा नव्हता."