अठ्ठाविसावी सोंगटी

तीन वाजून चाळीस मिनिटांनी हायल्वेन पडली.
वेळ मी नेमकी सांगतो, सवय आहे.
एकतीस वर्षं बस चालवली, स्लेटच्या खाणींच्या घाटातून,
सात मिनिटं उशीर झाला तरी कागद भरावा लागे.

उजवं पाऊल भलतीकडे वळलेलं.
शेगडीवर किटली ओरडत होती,
ती बंद करायला मला तिला ओलांडून जावं लागलं.

फोनवरचा आवाज कोवळा होता, आणि दमलेला.
हलवू नका. खायला देऊ नका. चहा तर नकोच.
शुद्धीवर आहेत का?
आहे, मी म्हटलं, मला शिव्या घालते आहे.
मग तुम्ही रांगेत आहात, तो म्हणाला.

सहाला रजई. सातला उशी.
आठला पुन्हा फोन, या खेपेला मुलगी,
तोच कागद वाचणारी:
काही बदल झाला तर कळवा.
अंधार पडला, मी म्हटलं. हा बदल धरता का?
ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली,
आजोबा, माझ्याकडे गाडीच नाही हो.

नऊच्या सुमारास हायल्वेन म्हणाली, टेगिड, बाहेर जा जरा.
बाहेर कसा जाऊ? भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो,
मागे हात करून टॉवेल दिला.
शेजारी राहून चाळीस वर्षं झाली.
त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, बोलणारही नाही.

माझीही कंबर म्हातारी. शेवटी तिच्याशेजारीच
फरशीवर आडवा झालो.
तिथून घर वेगळंच दिसतं.
टेबलाच्या पोटाला सुताराच्या पेन्सिलीचे आकडे.
नळाखाली गंजाचा नकाशा.
आणि फ्रिजच्या खाली, पार मागे, काहीतरी पांढरं.

झाडूच्या दांड्याने ओढून काढलं:
डॉमिनोची सोंगटी, डबल चार.

नऊ वर्षं आम्ही सत्तावीस सोंगट्यांनी खेळलो,
अठ्ठाविसावी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलेली,
गेथिनने निळ्या पेनाने ठिपके काढलेली.
तूच खिशात घातलीस, तो मला म्हणायचा,
आणि मरेपर्यंत त्याने माझ्या खिशाकडे
संशयानेच पाहिलं.

हायल्वेनने अंगठ्याने सोंगटीवरची जळमटं पुसली.
हसली. हसू खुब्यापर्यंत गेलं
आणि तिथून किंकाळी होऊन परत आलं.
मग बराच वेळ फ्रिजचीच घरघर.

दोन पंचवीस. सायरन नव्हता,
रस्त्यावर बाजूला व्हायला होतं कोण?

मेलेरी तिचं नाव. हिरवा गणवेश, डोळ्यांखाली राख.
पहिला शब्द, माफ करा.
संध्याकाळपासून एकच पेशंट, तिने सांगितलं,
इस्पितळाच्या दारात, गाडीतच.
आत खाट रिकामी नाही. माझ्यापुढे अकरा गाड्या.
मला ते चित्र लगेच दिसलं, ड्रायव्हर ना मी:
इंजिन चालू, चाकं थांबलेली.

दहा तास पंचेचाळीस मिनिटं मी जे बोलायचं जमवत होतो
ते जिभेवर होतं.
पण फरशीवरून हायल्वेननेच विचारलं,
पोरी, जेवलीस का?
आणि मला खूण केली, फळीवरचा बिस्किटांचा डबा.
मेलेरीने हातमोजे काढले, उभ्या उभ्या दोन खाल्ली.
चाळीस सेकंद.
ती मी माझ्या हिशेबात धरत नाही.

मग ते तिला घेऊन गेले, सव्वीस मैल.

सहाला तिचा फोन. कुठे आहेस?
दारात. गाडीतच. आमचा नंबर सातवा.
छत मात्र बदललं, ती म्हणाली,
इथे स्वयंपाकघरातला तो डाग नाही.
आणि ऐक, सोंगटी माझ्या मुठीत आहे,
कोणी मागितली तरी देणार नाही.

मी रजई घडी केली. फरशी पुसली.
पेटी उघडून सोंगट्या मोजल्या, सत्तावीस,
आणि ती पुठ्ठ्याची.
आता तिचं काम संपेल, टाकून द्यायला हरकत नाही.
कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलोही.

परत ठेवली.
कडा कुरतडलेल्या, ठिपके फिकट,
एवढी वर्षं दुसऱ्याची जागा धरून बसलेली.