ससा

उलानबातार, उणे एकतीस.
बाहेर कोळशाचा धूर, आत सकाळपासूनचं सतरावं नाक.

तुगुलदुर, वय वर्षं चार.
कपाळावर काजळीची रेघ,
अंधारातून आणताना आजोबांनी ओढलेली,
वाटेत कुणी टपलेलं असलंच तर कळावं
की हे पोर नाही, ससा आहे.

सशाने माझ्या हातातली काडी पाहिली
आणि दोन्ही पंजांनी नाक झाकलं.

पूर्वी मी खोटं बोलायचे, मुंगी चावल्यागत वाटेल म्हणून.
एका मुलीने मग डोळे पुसत विचारलं,
"तुम्हाला चावलीय का मुंगी, इतकी आत?"
तेव्हापासून सांगते, दुखेल. पाच मोजेपर्यंत.

आजोबांनी खोकत खोकत त्याला मांडीत आवळलं,
बुटांसकट पाय गुडघ्यांत धरले.
एक. दोन.
तीनला किंकाळी, चारला माझ्या पोटात लाथ,
पाच मी जरा घाईनेच म्हटलं.

काडी नळीत. टोपण. नाव, तारीख.
त्याचे हुंदके काही थांबेनात.

मग आजोबांनी त्याची टोपी सारली,
आमच्याकडे म्हातारे करतात तसं
टाळूला नाक टेकवून लांबवर हुंगलं त्याला.

तो गप्प झाला.
आजोबांच्या नाकाकडे बराच वेळ बघत राहिला
आणि मला म्हणाला, "आता ह्यांना."

आजोबा खुर्चीत टेकले, मान मागे.
ससा समोर उभा राहून मोजू लागला,
अगदी
सावकाश.